सदर इसम

१

हशमतला मराठी येत होतं, पण ते मराठी आहे हे त्याला फार उशिरा कळलं. चामराजपेटेत तुंगाबाईंच्या माडीवर तो राहायला आला, तेव्हा पहिलं वर्षभर त्या जे बोलतील ते बंगळुरूची भाषा म्हणून शिकत राहिला. दरवाजा, बाजार, कागद, खबर, हाजीर. निम्मे शब्द त्याच्या काबूलच्या फारसीतलेच. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी तो तेच बोलायला गेला आणि भाजीवाला नुसता बघतच राहिला.

"ती आमची घरातली भाषा, अण्णा," तुंगाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "बाहेर कन्नड. आमच्या लोकांना इकडं येऊन किती पिढ्या झाल्या देव जाणे, पण चुलीपाशी अजून मराठीच की."

आता तीन वर्षं होत आली होती. तुंगाबाईंना त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की, तो तिकडे सरकारी नोकरीत होता, सरकार पडलं आणि तो आला. बायको-मुलगी तिकडेच राहिली. याहून जास्त त्यांनी विचारलं नाही. इथे तो एका मोठ्या रुग्णालयात दुभाष्याचं काम करायचा. काबूल, हेरात, मशहदहून येणाऱ्या रुग्णांचं दुखणं डॉक्टरांना समजावून सांगायचं आणि डॉक्टरांचं बोलणं रुग्णांना.

तिकडची नोकरी याहून फार वेगळी नव्हती. सुरक्षा खात्यात हशमत ऐकण्याच्या विभागाचा प्रमुख होता. लोकांचे फोन, लोकांच्या बैठका, लोकांच्या निजायच्या खोल्या. पूर्वी चोरून ऐकायचा, आता समोर बसून ऐकायचा, एवढाच फरक.

सकाळी सहाला उठणं, स्टोव्हवर पाणी, मग भिंतीवरच्या आरशापुढे दाढी. आरशाची भिंत शेजारच्या घराशी सामाईक होती. ते घर आठ वर्षं बंद होतं. दोघा भावांचं कोर्टात भांडण, त्यामुळे कुलूप.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, गालाला साबण लावलेला असताना, भिंतीपलीकडे कोणीतरी बोलत असल्याचं त्याच्या ध्यानात आलं. हळू, एका पट्टीतला आवाज. कागदावरून वाचल्यासारखा. कोणाचा तरी रेडिओ असेल, असं म्हणून त्याने वस्तरा गालावर टेकवला. मग त्याला जाणवलं की, हे आपल्याला कळतंय. नुसतं कळत नाही, कळायला काही कष्टच पडत नाहीत. पलीकडचा माणूस काबूलची फारसी बोलत होता.

"सहा वाजून वीस मिनिटं. सदर इसम दाढी करीत आहे. सुरुवात उजव्या गालापासून."

हशमतचा वस्तरा उजव्या गालावर होता.

२

सात वाजता तो खाली उतरून शेजारच्या दारापाशी गेला. कुलूप गंजून कडीला चिकटलेलं. कुलूप आणि चौकट यांच्यामध्ये कोळ्याचं जाळं, आणि जाळ्यात कोळीही जागेवर. मागच्या बोळातल्या आणि रस्त्याकडच्या खिडक्यांना आडव्या फळ्या ठोकलेल्या. एकही खिळा हललेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तोच आवाज. तिसऱ्या दिवशीही.

हशमत घाबरणाऱ्यातला नव्हता. घाबरवणाऱ्यातला होता. त्याने खोलीची झडती घेतली, आपल्या हाताखालच्या पोरांना शिकवायचा तशी. विजेची बटणं उघडली, पंख्याची वाटी खाली घेतली, पलंगाचे पाय उपटून आत बोट घातलं, आरशाची पाठ खरवडली. काही निघालं नाही. मग त्याने दुसरी बाजू धरली. खात्यात वर्षानुवर्षं कानाला यंत्र लावून बसणाऱ्यांना पुढे शांततेतही बोलणी ऐकू येत. त्यातल्या दोघांना त्यानेच सही करून वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं होतं. तिसरा आपण असू. वय चोपन्न, घरात एकटा, झोप कमी. न पटण्यासारखं त्यात काय होतं?

म्हणून शुक्रवारी त्याने परीक्षा घेतली. ओठ न हलवता, आवाज न करता, ओल्या बोटाने आरशावर बायकोचं नाव लिहिलं, शकीबा, आणि लगेच पुसून टाकलं.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज.

"सदर इसमाने आरशावर बोटाने पत्नीचे नाव लिहिले. पुसले. वेळ सहा वाजून स... सत्तावीस मिनिटे."

हशमत पलंगावर बसला. मजकुरामुळे नव्हे, त्या अडखळण्यामुळे. सातचा आकडा आला की असा अडखळणारा माणूस त्याने आयुष्यात एकच पाहिला होता.

यूनुस. अकरा वर्षं हशमतच्या खोलीला लागून, पातळ भिंतीपलीकडे बसून, लांब बोटांना निळी शाई लावून घेत अहवाल उतरवून काढणारा यूनुस. रोज सकाळी हशमत कचेरीतल्या बेसिनपाशी दाढी करायचा आणि यूनुस पलीकडून आदल्या दिवसाचे अहवाल मोठ्याने वाचायचा. ज्याच्यावर पाळत आहे त्याचं नाव घ्यायचं नाही, 'सदर इसम' म्हणायचं, आधी वेळ, मग कृती: ही पद्धत हशमतनेच बसवली होती. एकदा त्याने विचारलं होतं, "तुला कंटाळा नाही येत रे?" तर यूनुस म्हणाला होता, "साहेब, कुणाचं तरी आयुष्य कुणीतरी नीट लिहून ठेवतंय, हे मला बरं वाटतं."

शेवटच्या दिवशी शहर पडत होतं आणि गाडीत दोघांचीच जागा उरली होती. हशमत आणि त्याचे वरिष्ठ, जनरल करीमदाद. हशमतने यूनुसच्या खांद्यावर हात ठेवला होता. "तू कागद जाळत बस. तासाभरात तुझ्यासाठी गाडी पाठवतो." विमानतळावर करीमदाद म्हणाले, यूनुस उत्तरेच्या फाटकाने आत आला, मी डोळ्यांनी पाहिला, दुसऱ्या विमानात बसला असेल.

हशमतने मान हलवली होती. पुढे कधी काही विचारलं नव्हतं.

३

करीमदादही बंगळुरूतच होते. बसवनगुडीत एका भाच्याच्या सदनिकेत राहत. दर रविवारी सकाळी दोघं तिथल्या एका बागेत भेटत, तीन फेऱ्या मारत आणि मग बाकावर बसत. साठी उलटलेले, पांढऱ्या बुटांतले करीमदाद आता कुणाचे तरी निवृत्त मामा दिसत. इथल्या बायका जाता-येता त्यांना "नमस्कार अंकल" म्हणत. ज्यांच्या नावाने काबूलमध्ये माणसं आवाज खाली घेत, त्या माणसाला डोसा फार आवडू लागला होता.

हशमतला परक्या देशात आपलं म्हणावं असा हा एकच माणूस होता. त्याच्या मुलीचं नाव, मर्जान, यांनीच ठेवलेलं. पळायच्या आदल्या रात्री शकीबा आणि मर्जानला हेरातला पोचवायची गाडी यांनीच मिळवून दिली होती. नाव बदलून त्या तिथे कोणाच्या घरी राहतात, हे जगात तिघांनाच ठाऊक होतं: हशमतला, शकीबाच्या मावसभावाला आणि करीमदादना.

"साहेब," हशमत म्हणाला, "यूनुसचं पुढे काय झालं?"

करीमदाद बुटाची नाडी बांधायला वाकले. "आज कुठून आठवला?"

"असाच. तुम्ही म्हणाला होता, उत्तरेच्या फाटकाने आला."

"मग आला असेल. त्या गर्दीत कोण कुठून आलं, मला आता कसं आठवायचं, हशमतजान?" नाडी बांधून झाली होती तरी ते वाकलेलेच होते. मग सरळ झाले आणि हसले. "झालं गेलं सोड. मर्जानची दाढ काढली ना? आता बरी आहे ना पोर?"

"हो, बरी आहे," हशमत म्हणाला.

आणखी दहा मिनिटं ते हवेवर, व्हिसावर, गुडघेदुखीवर बोलले. बसस्टॉपवर उभं राहिल्यावर हशमतने दिवस मोजले. मर्जानची दाढ बुधवारी काढली होती. शकीबाने त्याला ते गुरुवारी सांगितलं होतं. त्यानंतर तो करीमदादना आजच भेटत होता, आणि दाढेचा विषय त्याने काढलाच नव्हता.

४

सोमवारी सकाळी दाढीचं सामान न काढताच तो भिंतीपाशी खुर्ची घेऊन बसला. आपण आवाजाची वाट बघतोय, हे त्याला जाणवलं, आणि त्याची लाजही वाटली.

"रविवार," आवाज म्हणाला. "सदर इसम आठ वाजून चाळीस मिनिटांनी बागेतून निघाला. त्याच्या सोबतची व्यक्ती बाकावरच बसून राहिली. आठ पन्नासला त्या व्यक्तीने फोन लावला. बोलणे पुढीलप्रमाणे: त्याला शंका आली आहे. बायको-मुलीला ताब्यात घ्यायचं तर आता घ्या. पत्ता तुमच्याकडे आहेच. माझ्या मुलाचं काय ते सांगा."

कागद उलटला. मग काही नाही.

हशमतची बुद्धी अजून भांडत होती. ही तुझीच शंका आहे, ती म्हणाली, दाढेच्या गोष्टीने तुझ्या डोक्यात शिरलेली, आणि डोकंच ती आता भिंतीतून तुला वाचून दाखवतंय. भिंतीच्या सांगण्यावरून तू बायकोला भर दिवसा घराबाहेर काढणार? वाटेतच कोणी धरलं तर?

पण त्याला हेही माहीत होतं, की याहून कमी पुराव्यावर त्याने माणसं घरातून उचलून आणली होती.

त्याने फोन लावला. शकीबाने उचलला तो पहिल्याच घंटेला.

"काल समोरच्या न्हाव्याकडे दोन माणसं बसली होती," ती कुजबुजली. "संध्याकाळपर्यंत. दाढी करायची नव्हती, केस कापायचे नव्हते. आजही आलीत. मी तुला सांगणार होते, पण म्हटलं उगाच घोर लावायचा."

"मागच्या दाराने नीघ. आत्ता. मर्जानचा हात सोडू नकोस. सामान राहू दे."

"कुठे जाऊ?"

"कुठेही जा. मला सांगू नकोस," तो म्हणाला. "मलाही नको. पोचलीस की फक्त 'पोचले' एवढं कळव."

फोन ठेवला तेव्हा दारात तुंगाबाई चहाचा पेला घेऊन उभ्या होत्या. "अय्यो, आज घरीच का अण्णा? बरं नाही का स्वल्प?"

"बरा आहे, अक्का."

"नाही, तुम्ही कामाला जाता कधी, येता कधी, मला काही कळेनाच झालंय." त्यांनी पेला टेबलावर ठेवला. "दुपारी वर वाळवण बघायला येते तर आत बोलणं चाललेलंच असतं. हाजीर काय, खबर काय, दरवाजा काय. तेवढं कळतं मला. बाकी तुमच्या भाषेत."

म्हणजे हे हशमतच्या डोक्यातलं नव्हतं. "पलीकडून येतो ना आवाज? बंद घरातून?"

"पलीकडून कशाला? इथून की. तुमचाच आवाज," तुंगाबाई म्हणाल्या. "मी काय ओळखत नाही का तुमचा आवाज?"

५

संध्याकाळी तो बसवनगुडीला गेला. करीमदादनी स्वतःच दार उघडलं. भाचा घरी नव्हता. स्वयंपाकघरात वेलदोड्याचा चहा उकळत होता.

हशमत बसला नाही. "शकीबा हेरातहून निघाली," तो म्हणाला. "तुमच्या न्हाव्याकडच्या माणसांना सांगा, दाढी करून घरी जा."

करीमदादनी आधी गॅस बंद केला. दोन पेले काढले. त्यांनी नाकारलं असतं, ओरडले असते, तर हशमतला बरं वाटलं असतं. त्यांनी चहा ओतला आणि एक पेला त्याच्यापुढे सरकवला.

"माझा मुलगा फरहाद तिकडच्या नव्या सरकारच्या ताब्यात आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. दर महिन्याला एक नाव मागतात. नाव दिलं की त्याच्याशी दोन मिनिटं बोलू देतात. तू बाप आहेस. तू काय केलं असतंस?"

"तुम्ही मर्जानचं नाव ठेवलंत."

"म्हणून तर तिचं सगळ्यात शेवटी दिलं."

हे ते इतक्या साधेपणाने बोलले, की हशमतला क्षणभर ते मायेचंच बोलणं वाटलं. मग त्याला कळलं की, आपण जिन्याच्या कठड्यासारखं ज्या माणसाला तीन वर्षं धरून होतो, तो तळाशी केव्हाच तुटलेला होता.

"आणि पहिलं कोणाचं दिलंत?"

करीमदादनी त्याच्याकडे पाहिलं. "ते तुला खरंच माहीत नाही? का माहीत करून घ्यायचं नव्हतं? विमानतळाच्या फाटकावर त्यांचीच माणसं होती. आपल्याला आत सोडायच्या बदल्यात त्यांना काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, कचेरीत एक जण बसलाय, अकरा वर्षांचं सगळं त्याच्या डोक्यात आहे. त्यांना वाटलं तो पळाला असेल. मी म्हटलं, नाही, तो हलणार नाही. त्याला त्याच्या साहेबाने गाडीची वाट बघायला सांगितलंय."

चहावर साय धरली होती.

"तू गाडी पाठवणार नव्हतासच, हशमतजान. पाठवायला गाडी होती कुठे? मी त्यांना त्याचा पत्ता दिला, एवढंच. त्याला तिथे बसवून तू आला होतास."

हशमतने पेला उचलून मोरीत ओतला. दारापाशी पोचल्यावर तो वळला. "माझ्या शेजारच्या घरात तुम्ही कोणाला बसवलंय?"

"कुठल्या घरात?"

"बंद घरात. माझ्यावर पाळत ठेवायला. तुमचा कालचा फोन शब्दन् शब्द ऐकलाय त्याने. यूनुससारखा सातावर अडखळतो. कुठून शोधून आणलात?"

करीमदादचा चेहरा हशमतने नाना प्रसंगी पाहिला होता. तो असा कधी पाहिला नव्हता. म्हाताऱ्याने भिंतीकडे पाहिलं, आपल्याच दिवाणखान्याच्या, जिच्यावर भाच्याच्या लग्नाचा फोटो होता त्या भिंतीकडे, आणि हळूच तिच्यापासून दोन पावलं दूर झाला.

"मी कोणालाही बसवलेलं नाही," ते म्हणाले. मग अगदी बारीक आवाजात, "माझ्याबद्दल तो आणखी काही वाचतो का रे?"

पुढच्या रविवारी हशमत बागेत गेला नाही. त्याच्यापुढच्या रविवारी राहवलं नाही म्हणून गेला आणि तिथून त्यांच्या घरी, तर इमारतीच्या पहारेकऱ्याने सांगितलं, की मामा तर घर सोडून गेले. एका सकाळी पांढरे बूट दारातच ठेवून अनवाणी उतरले आणि रिक्षात बसले. कुठे गेले, ते भाच्यालाही ठाऊक नव्हतं.

६

अकराव्या दिवशी शकीबाचा निरोप आला. "पोचले." एवढाच शब्द, अनोळखी क्रमांकावरून. हशमत रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडला. एका इराणी म्हातारीने त्याला पाणी आणून दिलं. तिला वाटलं, त्याचं कोणीतरी गेलं.

त्या दिवसापासून भिंतीबद्दलचं त्याचं मन पालटलं. जगातल्या सगळ्यात जवळच्या माणसाने त्याला विकलं होतं, आणि ज्याला त्याने स्वतः मरायला बसवलं, त्या माणसाने त्याची लेक वाचवली होती. याचा दुसरा अर्थ त्याला लावता येईना. हा सूड नव्हता. सूड घ्यायचा असता तर यूनुस नुसता गप्प बसला असता.

आता तो सकाळी लवकर उठायचा. आवाज सुरू झाला की वस्तरा खाली ठेवायचा. एक दिवस त्याने भिंतीला कपाळ टेकवलं आणि इतक्या वर्षांत जे कोणाशीच बोलला नव्हता, ते बोलला. गाडी नव्हती हे मला माहीत होतं, यूनुस. तुझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाही माहीत होतं. मला माफ कर.

पलीकडे कागद उलटला.

"सहा वाजून चाळीस मिनिटे," आवाज म्हणाला. "सदर इसमाने माफी मागितली. नोंद घेतली."

आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. पण हशमतने त्यातूनही दिलासा काढला. गरजवंताला काढता येतो तसा.

७

डिसेंबरच्या एका शनिवारी शेजारच्या घराचं कुलूप निघालं. भावांचा समेट झाला होता. धाकटा भाऊ हयवदन हुबळीला असायचा, त्याने किल्ली तुंगाबाईंच्या मुलाकडे, मोहनकुमारकडे, धाडली आणि मीटर बघून घे म्हणून फोनवर सांगितलं. मोहनकुमारला चिकपेटेत साड्यांचं दुकान उघडायची घाई होती. किल्ली फिरेना म्हणून त्याने गंजलेलं कुलूप तोडलं, नवं आणलं आणि वीजवाल्याला घेऊन आत शिरला.

"मी पण येऊ का?" हशमतने विचारलं. "वरची खोली बघायची आहे. माझ्या भिंतीपलीकडची."

"या की अण्णा. काय बघायचंय त्यात? धूळ आहे नुसती," मोहनकुमार म्हणाला. "मी खाली मीटरपाशी आहे."

सकाळचे दहा वाजले होते. रस्त्यावर नेहमीचा गलबला होता. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या बारीक पट्ट्या आत आल्या होत्या, आणि हशमतला भीती अशी वाटत नव्हती. तो आभार मानायला आला होता.

वरच्या खोलीत काही नव्हतं. टेबल नाही, खुर्ची नाही. जमिनीवर आठ वर्षांची धूळ, सायीसारखी सपाट, आणि तिच्यावर आता उमटत होती ती त्याचीच पावलं. फक्त सामाईक भिंतीवर, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एक तळहाताएवढा डाग होता. तिथला चुना गुळगुळीत, तेलकट झाला होता. कोणी फार दिवस तिथे कान टेकवून बसावं तसा.

हशमत धुळीत बसला. त्याने डागाला कान लावला. कान बरोबर बसला.

पलीकडे त्याची खोली होती. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग जिन्यात बांगड्या वाजल्या, तुंगाबाईंची पावलं, दार ढकलल्याचा आवाज. बिचाऱ्या उगाच वर आल्या, त्याला वाटलं. खोली रिकामी बघून परत जातील.

"अण्णा, चहा," तुंगाबाई म्हणाल्या.

"सरी अक्का, बरं. ठेवा तिथं."

उत्तर भिंतीला अगदी लागून आलं. कानाच्या पलीकडे चार बोटांवरून.

"शेजारचं घर बघायला जाणार होता नव्हे?"

"जाऊन आलो. मोकलंच आहे सगलं." ळ म्हणता न येणारा, तुंगाबाईंच्या पायाशी बसून मराठी शिकलेला, त्याचा स्वतःचा आवाज.

हशमतने दोन्ही मुठींनी भिंत बडवली.

"अगं बाई! तिकडं कोण बडवतंय?"

"मीटरवाले असतील, अक्का. चहा छान झालाय."

तो उठला आणि रस्त्याकडच्या खिडकीकडे धावला. फळ्या फुगून चौकटीत घट्ट बसल्या होत्या. एका फटीला त्याने डोळा लावला. हातभर अंतरावर त्याच्या स्वतःच्या खिडकीचा कट्टा दिसत होता आणि खाली रस्त्यावर मोहनकुमार, हातात नवं कुलूप. वीजवाला सायकलवर टांग टाकून निघाला होता.

"अण्णा!" मोहनकुमारने वर बघून हाक मारली. "आत आहात का अजून? दार लावून घेतो मी, उशीर झाला!"

हशमत ओरडला. जीव खाऊन ओरडला. मोहनकुमारने डोकं उचललं, कपाळाला आठी घातली, आणि बंद घराकडे बघता बघता त्याची नजर शेजारच्या खिडकीकडे गेली. त्याचा चेहरा खुलला.

त्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता. बाही हशमतच्या राखी स्वेटरची. बोटं लांब, बारीक, आणि पहिल्या दोन बोटांना निळी शाई लागलेली.

"मी इकडंच आहे रे मोहन," आवाज म्हणाला. "लाव कुलूप."

हात एकदा हलला आणि आत गेला.

हशमत जिन्याच्या मध्यावर होता तेव्हा खाली कडी सरकली आणि किल्ली फिरली. "सरी अण्णा, येतो!" मोहनकुमारची स्कूटर सुरू झाली आणि चिकपेटेच्या वाटेवरच्या गलबल्यात मिसळून गेली. हशमतने दारावर धडका मारल्या, हाका मारल्या, फारसीत, मराठीत, मोहनचं नाव घेऊन, मर्जानचं नाव घेऊन. मग दम लागून तो पायरीवर टेकला.

वर, भिंतीच्या पलीकडे, पेला बशीवर ठेवल्याचा आवाज झाला. कोणीतरी काहीतरी सांगत होतं. तुंगाबाई ते ऐकून खळखळून हसत होत्या.